रेल्वे लाईन्समधील जुन्या बागेतला हौद पुन्हा जिवंत करायचा आहे: कामाचा क्रम कसा असावा?

लाईन्सवाला (धागाकर्ता)

सोलापुरात रेल्वे लाईन्स भागात आमच्या कुटुंबाचा जुना दगडी बंगला आहे. त्याच्या मागील बागेत सुमारे ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि भरल्यावर ९० सेंटीमीटर खोल असा हौद आहे. भिंती घडीव काळ्या दगडाच्या असून चुन्यात बांधलेल्या आहेत, काठावर शहाबादी फरशी आहे आणि मध्यभागी बंद पडलेल्या कारंज्याचा चौथरा आहे. एके काळी त्यात कमळे असत. गेली अनेक वर्षे मात्र त्याकडे कोणीही लक्ष दिलेले नाही.

आजची स्थिती अशी आहे की पावसाळ्यात हौद भरतो, दिवाळीनंतर पाणी झपाट्याने उतरते आणि संक्रांतीच्या सुमारास तळाशी काळपट हिरवे पाणी व गुडघ्याच्या खाली येईल एवढा गाळ उरतो. गाळ ढवळला की सडक्या अंड्यांसारखा वास येतो. उत्तरेकडील भिंतीच्या दरजेत पिंपळाचे रोप उगवले आहे, पश्चिमेला अशोकाची रांग असल्यामुळे पाने सतत पाण्यात पडतात, आणि आमच्या ओळीतील घरांचे गणपती बरीच वर्षे याच हौदात विसर्जित होत असत.

एका ठेकेदाराने सर्व फोडून काँक्रीटचा नवा हौद बांधण्याचे अंदाजपत्रक दिले आहे. दुसऱ्याने आतून प्लास्टिकचा कागद अंथरण्यास सांगितले आहे. नातेवाइकांचे मत असे की मुरूम टाकून बुजवावा आणि तेथे गाडी उभी करावी. मला यांपैकी काहीही घाईने करायचे नाही. आधी काय तपासावे, कोणते काम कोणत्या ऋतूत करावे, डासांचे काय आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाणी कोठून आणावे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

चुनखडी

दगडी व चुन्याच्या जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत माझी सगळी नोकरी झाली असल्यामुळे बांधकामापुरते लिहितो.

कोणत्याही ठेकेदाराला होकार देण्यापूर्वी हौद खरोखर गळतो की नाही, हे ठरवा. आपल्याकडे उन्हामुळे आणि वाऱ्यामुळे इतके पाणी उडून जाते की न गळणारा हौदही गळका वाटतो. त्यासाठी एक साधी चाचणी आहे. हौदाच्या पायरीवर किंवा विटांच्या थरावर एक बादली अशा रीतीने ठेवा की तिचा काठ पाण्याच्या वर राहील. आत दगड टाकून ती स्थिर करा आणि बादलीतील पाण्याची पातळी बाहेरच्या पातळीइतकी भरा. दोन्ही पातळ्यांवर खडूने खूण करून २४ तास थांबा. त्या काळात पाऊस नसावा आणि कोणीही पाणी घालू अथवा काढू नये. बादलीतले पाणी जेवढे उतरेल तेवढे बाष्पीभवन होय. हौदातले त्याहून जितके जास्त उतरेल, तेवढी गळती समजावी.

गळती निघाली तर हौद लगेच रिकामा करू नका. पाणी आपोआप उतरू द्या आणि रोज खूण करत राहा. गळती भिंतीतील एखाद्या जागेतून असेल तर त्या जागेच्या पातळीला आल्यावर उतरण्याचा वेग एकदम कमी होतो. त्या पातळीवर हौदाभोवती चारही बाजूंनी शोधावे. संशयित भेगेजवळ पिचकारीने थोडी शाई किंवा खाण्याचा रंग हळूच सोडला की तो आत ओढला जाताना दिसतो. पाणी न ढवळता हे करावे लागते, म्हणून वारा पडलेला असताना सकाळी करा.

काँक्रीटविषयी माझे मत स्पष्ट आहे. रेल्वे लाईन्सचा बराच भाग काळ्या मातीवर आहे. ही माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. चुन्यातील दगडी बांधकाम ही हालचाल थोडीफार सोसते, कारण चुना सिमेंटइतका ताठ नसतो. दरजेत बारीक भेगा पडल्या तरी भिंत एकसंध राहते. त्यावर आतून सिमेंटचा गिलावा चढवला, तर एकदोन उन्हाळ्यांत तो पापुद्र्यासारखा सुटतो आणि त्यामागे ओल कोंडून राहते. चांगली दगडी भिंत फोडून काँक्रीट घालणे म्हणजे पैसे देऊन आयुष्य कमी करून घेणे आहे.

आणखी एक इशारा देतो. हौद भर पावसाळ्यात किंवा पाऊस संपता संपता पूर्ण रिकामा करू नये. बाहेरची माती तेव्हा फुगलेली व पाण्याने भरलेली असते, आतून पाण्याचा आधार काढला की सगळा दाब भिंतीवर व तळावर येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

नळाची_पाळी

विषय चांगला आहे, परंतु एक प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवा. या शहरात उजनी धरणाचे पाणी शंभर किलोमीटरहून जास्त अंतर पार करून येते आणि तेही काही दिवसांआड. लोक पिंपे भरून ठेवतात, उन्हाळ्यात टँकर मागवतात. अशा ठिकाणी शोभेसाठी दहा हजार लिटर पाणी उन्हात उघडे ठेवणे कितपत योग्य आहे? मला धागाकर्त्यांना नाउमेद करायचे नाही. पण पाण्याचा हिशेब न मांडता सुरू केलेली कमळबाग तिसऱ्या वर्षी पुन्हा याच अवस्थेत येईल, असे वाटते.

काळवट

नळाची_पाळी यांचा आक्षेप रास्त आहे, म्हणून हिशेबच मांडतो. माझी मोहोळकडे शेती आहे व स्वतःचे शेततळे आहे, त्यामुळे या आकड्यांशी रोजचा संबंध येतो.

हौदाचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर आणि खोली ०.९ मीटर धरली तर १०,८०० लिटर पाणी बसते, म्हणजे साधारण एक मोठा टँकर. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्यावरून दिवसाला ८ ते १० मिलिमीटर थर सहज उडतो. १२ चौरस मीटरवर ते रोजचे सुमारे १०० लिटर झाले, म्हणजे पाच-सहा बादल्या. हिवाळ्यात हेच प्रमाण निम्म्यावर येते. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत मिळून सव्वा ते दीड मीटर पाणी केवळ हवेत जाते. हौद ९० सेंटीमीटर खोल आहे! म्हणजे एक थेंबही गळती नसताना, सप्टेंबरअखेर काठोकाठ भरलेला हा हौद वरून पाणी न घालता उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत टिकूच शकत नाही.

दुसरी बाजू अशी की छपरावर पडणारे पाणी बरेच आहे. सोलापूरचा पाऊस वर्षाला साठ-सत्तर सेंटीमीटरच्या घरात असतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये येतो. १०० चौरस मीटर छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी ४८,००० लिटर पाणी मिळते. हौद चार वेळा भरेल इतके. अडचण प्रमाणाची नसून वेळेची आहे: सगळे पाणी चार महिन्यांत येते आणि गरज उरलेल्या आठ महिन्यांत असते. त्यामुळे हौद काठोकाठ ठेवण्याचा हट्ट सोडावा, असे माझे मत आहे. तो ५० सेंटीमीटर उतरू द्यायचा असे ठरवले, तर ६,००० लिटरचा भार कमी होतो आणि वरून घालायचे पाणी आठ महिन्यांत दहा-अकरा हजार लिटरवर येते. छपराच्या पाण्याची ५,००० लिटरची एक टाकी असेल, तर निम्मा प्रश्न सुटला. उरलेल्यासाठी बोअर आहे का, ते सांगावे.

शेततळ्याच्या कागदाबद्दलही लिहितो. ५०० मायक्रॉनचे अस्तर उत्तम टिकते, मात्र ते उतरत्या बाजूंच्या मातीच्या तळ्यासाठी असते. उभ्या दगडी भिंतीला ते कोपऱ्यात चुण्या पडून लोंबते, काठावर उन्हाने कडक होते आणि त्यामागे गाळ व उंदीर साचतात. अस्तराखाली जुन्या सोलापुरी चादरी अंथराव्यात, असा सल्ला मी आमच्या भागात अनेकदा ऐकला आहे. चादर सुती असते, ती ओलीत कुजते किंवा तिला वाळवी लागते. खाली पोकळी झाली की कागद तेथेच फाटतो. चादर पांघरायलाच ठेवावी.

पाणकणीस

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून गाळ आणि झाडे यांविषयी लिहिते.

लाईन्सवाला यांनी ओघात सांगितलेली गणपती विसर्जनाची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते पाण्यात हळूहळू विरघळते. गाळात प्राणवायू संपलेला असतो आणि तेथील जिवाणू सडणारी पाने पचवताना प्राणवायूऐवजी सल्फेट वापरतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यांचा वास तो हाच, आणि गाळाचा काळा रंग त्याच्या लोहाशी होणाऱ्या संयोगाचा. एका बाजूने अशोकाची पाने आणि दुसऱ्या बाजूने मूर्तींचे सल्फेट, असा या वासाला दोन्हीकडून पुरवठा झालेला आहे. सुगंधी द्रव्ये, ब्लीचिंग पावडर किंवा बाजारातील ‘तळे शुद्ध करणारी’ पुडी टाकून तो जाणार नाही. गाळ काढावाच लागेल.

एरवी मी जुना गाळ थोडा राखून ठेवायला सांगते, कारण त्यात उपयुक्त जिवाणू, गोगलगाई आणि पाणवनस्पतींची बीजे असतात. येथे मात्र मूर्तींच्या रंगांत शिसे किंवा इतर जड धातू असण्याची शक्यता आहे, म्हणून गाळ राखू नका. त्याऐवजी वरचे स्वच्छ पाणी आठ-दहा बादल्या वेगळे ठेवा आणि शेवाळलेले काही दगड ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवा. नव्या पाण्यात जीवसृष्टी सुरू करण्यास तेवढे पुरते. काढलेला गाळ उन्हात वाळवून अशोक, बोगनवेल अशा शोभेच्या झाडांच्या बुंध्याशी पसरावा. भाजीच्या वाफ्यात, अळूत किंवा कढीपत्त्याला तो मुळीच घालू नका. बिगाऱ्यांना गुडघ्यापर्यंतचे बूट व हातमोजे द्यावेत.

शेवाळाबद्दल एकच सांगते. मोरचूद टाकण्याचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. आपल्या जड पाण्यात त्यातले तांबे लवकर साक्याच्या रूपाने खाली बसते, म्हणून लोक मात्रा वाढवत नेतात. शेवाळ थोडे मरते, मासे व गोगलगाई पुष्कळ मरतात, आणि मेलेले शेवाळ सडून पुढच्या शेवाळाला खत होते. शेवाळ म्हणजे पाण्यात खत आणि ऊन दोन्ही जास्त झाल्याची निशाणी. पाने पाण्यात पडू न देणे आणि पृष्ठभागाचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग कुमुदिनीच्या पानांनी झाकणे, हे दोन उपाय केले की दुसऱ्या वर्षापासून फरक दिसतो. पहिल्या उन्हाळ्यात पाणी हिरवे होणारच. त्याला घाबरून सारखे पाणी बदलू नका, कारण प्रत्येक नव्या पाण्याबरोबर तोच खेळ पहिल्यापासून सुरू होतो.

गप्पी

हिवताप सर्वेक्षणाच्या कामात घरोघरी पिंपे तपासत माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास अशा मोठ्या, मासे असलेल्या हौदात क्वचितच सापडतो. तो पिंप, कूलर, टायर, फुलदाणी, फ्रीजमागचा ट्रे यांत वाढतो. आपल्याकडे पाणी साठवणे भाग पडते आणि उन्हाळाभर प्रत्येक घरात कूलर असतो, म्हणून त्याची चैन होते. शहरी हिवतापाचा ॲनोफिलिस स्टेफेन्सी मात्र स्वच्छ पाण्याच्या टाक्या, विहिरी व हौद पसंत करतो, आणि क्युलेक्स तुमच्या आजच्या घाण पाण्यात आनंदाने राहतो. म्हणजे हौदाची सर्वांत धोकादायक अवस्था आजची आहे: अर्धवट भरलेला, सडका आणि मासे नसलेला.

अळीपासून डास होण्यास उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवस पुरतात. काम सुरू होईपर्यंत पाणी असेच राहणार असेल, तर बीटीआय या जिवाणूजन्य औषधाचा वापर करावा. त्याने डासांच्या अळ्या मरतात, पण मासे व बेडूक यांना इजा होत नाही. रॉकेल किंवा जळके तेल ओतू नये. नंतर गप्पी मासे सोडावेत; आरोग्य खात्याकडे ते बहुधा मिळतात. ते बाहेरचे आहेत, त्यामुळे हौदातच राहिले पाहिजेत. साफसफाईच्या वेळी ते नाल्यात किंवा तलावात सोडू नका. गंबुसिया तर हौदातही नको, तो बेडकांची पिल्ले आणि इतर माशांची अंडी फस्त करतो. कोणी ‘मांगूर टाका, सगळे खातो’ असे म्हणाले तर ऐकू नका. विकला जातो तो बहुधा आफ्रिकन मांगूर असतो आणि त्याच्या पालनावर देशात बंदी आहे.

खंड्या

गाळ काढण्यापूर्वी दोन-तीन दिवस पाणी हळूहळू उतरवा आणि गाळात काठीने टोचू नका. जुन्या हौदात कासव निघण्याची शक्यता असते. पाठ गुळगुळीत, कातडीसारखी आणि पोटाकडे पाय झाकणारे पडदे असतील तर ते आपले देशी मऊ पाठीचे कासव असते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्याला अनुसूची १ मध्ये संरक्षण आहे. ते घरात शुभ म्हणून ठेवणे गुन्हा आहे. वन विभागाला कळवावे. डोळ्यामागे लाल पट्टा असलेले कासव निघाले तर ते कोणीतरी बाजारातून आणून टाकलेले परदेशी आहे. तेही तलावात सोडू नये.

पाणदिवडही निघू शकते. ती बिनविषारी आहे, मात्र रागीट असते आणि चावते, म्हणून हाताने पकडू नका.

लाईन्सवाला

सर्वांचे मनापासून आभार. बादलीची चाचणी केली. बादलीतले पाणी बोटाच्या पेराच्या चतुर्थांशाइतके उतरले आणि हौदातले जवळजवळ तीन बोटे. म्हणजे गळती नक्की आहे. चुनखडीसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे खुणा करत राहिलो, तेव्हा पाणी कारंज्याच्या नळीच्या पातळीला आल्यावर उतरण्याचा वेग बादलीइतकाच झाला. शाई सोडली तेव्हा ती नळी जेथे भिंतीतून बाहेर जाते तेथील खाचेत ओढली गेली. पिंपळाच्या मुळाजवळ शाई जागची हलली नाही, ज्याचे मला आश्चर्य वाटले.

बोअर आहे, मात्र पाणी इतके जड आहे की बादलीला पांढरा थर धरतो. घरातील शुद्धीकरण यंत्राचे वाया जाणारे पाणी रोज बरेच निघते, ते हौदात सोडले तर चालेल का? दुसरे असे की गवंडी पिंपळाला हात लावण्यास तयार नाही.

चुनखडी

तीन बोटांची गळती आणि संपूर्ण हौद फोडण्याचे अंदाजपत्रक! असो.

जुन्या हौदांत नळी भिंतीतून जाते ती जागा सर्वांत आधी दगा देते, कारण लोखंड गंजून फुगते आणि भोवतीचा चुना फोडते. ती नळी काढून टाका आणि खाच दगडाच्या तुकड्यांसह कायमची बुजवा. कारंजे हवेच असेल तर पाण्यात बुडणारा लहान पंप ठेवून त्याची वायर काठावरून न्या. भिंतीला भोक नसले की पुढच्या पिढीला शाई शोधावी लागणार नाही.

दुरुस्तीसाठी नुसता चुना वापरू नका. साधा विरवलेला चुना हवेने घट्ट होतो, पाण्याखाली होत नाही. त्यात विटांची बारीक सुरखी मिसळली की तो पाण्यातही धरतो. आपल्या जुन्या हौदांचे आणि बारवांचे गुपित तेच आहे. एक भाग चुना, एक भाग सुरखी, एक भाग स्वच्छ वाळू हे प्रमाण चालते. सुरखी चांगल्या भाजलेल्या जुन्या विटांची असावी. आजच्या अर्धवट भाजलेल्या विटेची पूड म्हणजे केवळ तांबडी माती. दरजा दोन-अडीच सेंटीमीटर खोल कोरून, धुऊन, भिंत ओली असतानाच मिश्रण दाबून भरावे आणि किमान दोन-तीन आठवडे ओल्या पोत्यांखाली ठेवावे. सोलापूरच्या कोरड्या वाऱ्यात ही पोती दिवसातून अनेकदा भिजवावी लागतात. गवंडी काम संपवून निघून जातो आणि पोती वाळतात. चुन्याची बहुतेक कामे बिघडतात ती येथेच.

पिंपळ आज गळत नसला तरी त्याला राहू देऊ नका. वरून खुडण्याचा उपयोग नाही, तो दुप्पट जोमाने फुटतो. मुळाच्या वरचे एक-दोन दगड सुटे करून मूळ अखंड काढावे लागेल. गवंड्याला सांगा की झाड तोडायचे नाही, कुंडीत लावायचे आहे. आमच्या कामांवर आम्ही नेहमी असेच केले आणि मग कोणाचीही हरकत राहिली नाही.

पाणकणीस

शुद्धीकरण यंत्राचे टाकाऊ पाणी हौदात नको. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. हौदातून उडते ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात. त्यामुळे वर्षभर जड पाणी घालत गेलात तर हौद दरवर्षी अधिक खारट होत जाईल. बोअरचे पाणी उन्हाळ्यात नाइलाज म्हणून घाला, मात्र पहिला चांगला पाऊस झाला की हौदातले निम्मे पाणी बागेला द्या आणि छपराच्या पाण्याने पुन्हा भरा. ते जुने पाणी झाडांना खतासारखे उपयोगी पडते. मोसमातल्या पहिल्या सरीचे छपराचे पाणी धूळ व पक्ष्यांच्या विष्ठेसह येते, ते बाहेर सोडावे. नळाचे पाणी घालण्याची वेळ आलीच तर एक-दोन दिवस उघड्या पिंपात ठेवून क्लोरीन उडू द्यावे, पण पिंपावर कापड बांधावे, नाहीतर गप्पी यांचे एडिस तेथे वाढतील.

काळवट यांचा पातळी उतरू देण्याचा विचार मला फार पटला, कारण आपल्याकडची पाणथळ झाडेही त्याच चक्राला सरावलेली आहेत. सगळी झाडे एका पातळीवर लावू नका. मध्यभागी खोल जागेत कुमुदिनी आणि कमळ रुंद घमेल्यांत ठेवा. घमेल्यात शेणखत न घालता काळी माती भरून वर खडीचा थर द्यावा, म्हणजे माती पाण्यात मिसळत नाही. कमळाला किमान पाच-सहा तास थेट ऊन हवे. अशोकाच्या सावलीच्या बाजूला ते फुलणार नाही. कंद फेब्रुवारी-मार्चमध्ये लावावा आणि त्याच्या टोकाच्या कोंबाला धक्का लागू देऊ नये, तो मोडला की कंद बहुधा कुजतो. काठालगत आतून दगडांच्या दोन पायऱ्या रचून त्यांवर वेखंड, ब्राह्मी आणि कर्दळ कुंड्यांत ठेवावी. पाणी उतरेल तशा कुंड्या एक पायरी खाली सरकवता येतात.

पाणकणीस लावू नका, हे मी माझ्याच टोपणनावाविरुद्ध सांगते आहे. त्याची मुळे चुन्याच्या दरजा शोधत जातात.

काळवट

पायऱ्यांचा दुसरा उपयोग म्हणजे बेडूक, खार किंवा पडलेले मांजराचे पिल्लू बाहेर येऊ शकते. उभ्या भिंतीच्या हौदात दर उन्हाळ्यात काहीतरी बुडून मरते आणि पाणी बिघडते. घरात लहान मुले असतील तर पाण्याच्या जरा खाली लोखंडी जाळी बसवावी, यात चर्चेला जागा नाही.

तळाच्या मध्यभागी एखादा मीटर रुंद भाग ३० सेंटीमीटर आणखी खोल करता आला तर पाहा. मे महिन्यात मासे तेथे उतरतात. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या बाजूला ५० टक्क्यांची शेडनेट ताणावी, आणि पश्चिमेकडे कुंपणाची झुडपे असतील तर ती छाटू नयेत, कारण पाणी उडवण्यात उन्हाइतकाच वाऱ्याचा हात असतो. जलपर्णी सावलीसाठी टाकावी असे काही जण सुचवतील. तिच्या पानांतून उलट जास्त पाणी उडते, आणि विजापूर रोडवरच्या कंबर तलावात तिने काय केले आहे ते सर्वांनी पाहिलेले आहे.

नळाची_पाळी

छपराची टाकी, उतरती पातळी आणि बागेला जाणारे जुने पाणी, एवढे धरले तर माझा आक्षेप मी मागे घेत नाही, पण बराच सौम्य करतो. एकच सूचना: हवेत उंच उडणारे कारंजे नको. मे महिन्यातल्या वाऱ्यात त्याचे तुषार अंगणात जातात आणि रोजच्या १०० लिटरचा हिशेब कोलमडतो.

गप्पी

कारंज्याबद्दल सहमत, आणि थोडी भर घालतो. पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, कारण रात्रभर झाडे, शेवाळ, मासे सगळेच तो वापरत असतात. शिवाय गरम पाण्यात मुळातच तो कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. लोक पंप संध्याकाळी पाहुण्यांसाठी चालवतात आणि झोपताना बंद करतात, म्हणजे नेमका उलटा कारभार. सौरपंपाची तीच गत. तो दुपारी चालतो, जेव्हा झाडे स्वतःच प्राणवायू सोडत असतात. पाणी नुसते पृष्ठभागावर खळखळेल असा लहान पंप मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत चालवावा. पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसले तर ती धोक्याची खूण समजा.

लाईन्सवाला

आता क्रम असा ठरवला आहे: पाणी हळूहळू उतरवून डिसेंबरात गाळ काढणे, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरल्यावर गवंडी मिळेल तेव्हा नळीची खाच, पिंपळ आणि दरजा, त्यानंतर छपराची टाकी. अशोकाच्या बाजूला पानगळीच्या काळात जाळी ताणणार आहे. काँक्रीटचे अंदाजपत्रक परत केले. गणपतीसाठी यापुढे काठावर वेगळे पिंप ठेवू आणि शाडूच्या मूर्तींचाच आग्रह धरू.

शेवटचा प्रश्न. दरजा भरून झाल्यावर फेब्रुवारीत कमळ आणि मासे एकदमच सोडता येतील का? नव्या चुन्याचा माशांना त्रास होतो, असे वाचले आहे.

पाणकणीस

एकदम नको. ताजा चुना पाण्याचा सामू (पीएच) फार वाढवतो. हौद एकदा भरून आठवडाभर ठेवा, ते पाणी काढून टाका आणि भिंती ताठ ब्रशने धुऊन पुन्हा भरा. पाण्याची ओढ असेल तर हे पहिले पाणी फक्त तळापासून भरलेल्या दरजांच्या उंचीपर्यंत घ्या. मग सामू मोजण्याची कागदी पट्टी बुडवून पाहा. साडेआठच्या खाली आला की राखून ठेवलेले जुने पाणी आणि शेवाळलेले दगड आत घालून झाडे लावा. सामू चढा असताना माशांच्या विष्ठेतला अमोनिया जास्त विषारी होतो आणि तो पचवणारे जिवाणू नव्या हौदात अजून वाढलेले नसतात, म्हणून झाडांना नवी पाने फुटल्यावर, साधारण महिन्याभराने, आधी पाच-सहाच गप्पी सोडा. त्यांची पिल्ले होतीलच, तुम्हाला आणखी आणावे लागणार नाहीत. रोपवाटिकेतून आणलेले प्रत्येक रोप आधी वेगळ्या टबात दोन आठवडे ठेवून त्याच्या मुळांत जलपर्णीचे किंवा डकवीडचे तुकडे नाहीत ना, हे पाहून मगच हौदात उतरवा.